नोकरी-धंदा सांभाळून स्वतःचा अभ्यास: सोलापुरात रोजचा पाऊण तास कसा राखायचा

अँटनी व्हॅन लीवेनहूक हा हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावचा कापडवाला. सुताचा पोत तपासायला कापडवाले भिंग वापरत. लीवेनहूक तशी भिंगं स्वतः घासायला लागला आणि त्यांतून पाणी, रक्त, दातांवरचा मळ असं जे हाताशी येईल ते पाहू लागला. 1673 पासून 1723 मध्ये मरेपर्यंत तो लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्रं लिहीत राहिला. पाण्यातल्या सूक्ष्म जिवांचं वर्णन 1676 च्या पत्रात आहे. लॅटिन त्याला येत नव्हतं, विद्यापीठाचं तोंड त्याने पाहिलं नव्हतं, आणि दुकानाबरोबर नगरपालिकेची नोकरीही होती. सोलापूरही कापडाचंच गाव. चादर-टॉवेलच्या कारखान्यात रीड-पीक, म्हणजे कापडातले उभे-आडवे धागे, मोजायचं छोटं भिंग आजही टेबलावर पडलेलं असतं.

लीवेनहूक एकटा नव्हता. आइनस्टाइन 1902 ते 1909 बर्नच्या पेटंट कचेरीत होता. आठवड्याचे सहा दिवस, रोज आठ तास काम, घरात तान्हं मूल, आणि त्याच काळात 1905 सालचे त्याचे निबंध लिहून झाले. चंद्रशेखर वेंकट रामन 1907 पासून दहा वर्षं, त्यांतली बहुतेक कलकत्त्यात, सरकारी हिशेबखात्यात अधिकारी होते, आणि प्रयोग करायचे ते कचेरीच्या आधी आणि नंतर. आपल्याकडचे दत्तात्रय रामचंद्र कापरेकर देवळालीच्या शाळेत 1930 ते 1962 शिक्षक होते. संख्यांवरचं त्यांचं सगळं काम शाळा सांभाळून झालं.

या सगळ्यांकडे फावला वेळ भरपूर होता असं समजू नका. त्यांच्याकडे ठरलेली वेळ होती, त्या वेळेत मावेल एवढा प्रश्न होता, आणि बसल्या बसल्या काम सुरू होईल अशी मांडामांड होती. बुद्धी उसनी आणता येत नाही, पण या तीन गोष्टी सोलापुरातल्या कुठल्याही घरात जमवता येतात. त्या कशा जमवायच्या, तेच पुढे सांगितलं आहे.

आधी आठवडा कागदावर आणा

आठवड्याचे तास 168. बारा तासांच्या पाळीत सहा दिवस काम करणाऱ्या माणसाचा हिशेब धरू. कामाचे 72 गेले. झोप रोज सात तास धरली तर 49. येणं-जाणं, अंघोळ, जेवण यांना रोज तीन तास, म्हणजे 21. उरले 26. त्यांतून पाणी भरणं, बाजार, मुलं, पाहुणे, दवाखाना यांसाठी 14 काढले तरी बारा तास राहतात. ते दिसत नाहीत, कारण दहा-पंधरा मिनिटांच्या तुकड्यांत विखुरलेले असतात.

ते शोधायची रीत अशी. वहीच्या एका पानावर सात उभे रकाने आखा आणि पहाटे पाचपासून रात्री अकरापर्यंत अर्ध्या-अर्ध्या तासाच्या आडव्या ओळी पाडा. आठवडाभर दिवसातून तीनदा, म्हणजे सकाळी निघताना, दुपारी डबा खाताना आणि झोपण्याआधी, मागच्या चौकटी भरा. एकेका शब्दात लिहा: पाळी, रिक्षा, मोबाइल, पाणी, गप्पा. रात्री एकदम सगळं भरायला बसू नका. दिवसभराचं आठवून लिहिताना मोबाइलचा वेळ हटकून कमी पडतो आणि कामाचा जास्त पडतो. नेहमीचाच आठवडा निवडा. जानेवारीतल्या गड्ड्याच्या यात्रेचा, लग्नसराईचा किंवा दिवाळीचा आठवडा मोजलात तर येणारा आकडा वर्षभराच्या कामाचा नाही.

आठवडा संपला की प्रत्येक दिवशी साधारण त्याच वेळी मोकळा पडणारा पट्टा शोधा. पंचेचाळीस मिनिटांचा एक पट्टा सापडला तरी पुष्कळ. आठवड्यात पाच दिवस पाऊण तास आणि सुट्टीच्या दिवशी दीड तास म्हणजे सव्वापाच तास झाले. वर्षातले पन्नास आठवडे धरले तर अडीचशेहून जास्त तास होतात. डार्विन डाउन गावच्या घरी सकाळी आठ ते साडेनऊ आणि पुन्हा साडेदहा ते बारा असं काम करायचा. मधल्या वेळात पत्रं. म्हणजे ऐन कामाचे तास त्याच्याही दिवसाला तीनच असत.

वेळ कुठली

सोलापुरात याचं उत्तर ऋतूवर ठरतं. मार्च ते जूनच्या सुरुवातीपर्यंत दुपार सोडूनच द्या. पारा चाळीसच्या वर असताना पत्र्याच्या किंवा वरच्या मजल्याच्या खोलीत डोकं चालत नाही, आणि रात्री दहापर्यंत भिंती तापलेल्याच असतात. या काळात पहाटे पाच ते पावणेसहा हीच वेळ. पावसाळ्यात आणि थंडीत रात्री जेवणानंतरही चालेल. म्हणून वर्षातून दोनदा, होळीला आणि मृगाच्या सुमाराला, वेळ मुद्दाम बदला. एकच वेळ बारा महिने ताणणारे बहुतेक जण एप्रिलमध्ये थांबतात आणि दोष आळसाला देतात.

पहाटेचे आणखी दोन फायदे आहेत. घराला लागून कारखाना असेल तर मागांची खडखड त्या वेळी त्यातल्या त्यात कमी असते. दुसरं म्हणजे त्या वेळेवर अजून कोणी हक्क सांगितलेला नसतो. रामन पहाटे साडेपाचला प्रयोगशाळेत जायचे, पावणेदहाला घरी येऊन अंघोळ-जेवण उरकून कचेरी गाठायचे आणि संध्याकाळी पुन्हा प्रयोगशाळा. एवढं तुम्हाला करायचं नाही. पण दिवसाने हात लावायच्या आधी स्वतःचं काम उरकून घ्यायची ही रीत उचलण्यासारखी आहे.

पाण्याचा दिवस आधीच सोडून द्या. शहरात काही दिवसांच्या आडाने नळ येतो. त्या सकाळी पिंप, टाकी, मोटार यांतून कोणी सुटत नाही. त्या दिवशी अभ्यास नाही असंच वेळापत्रकात लिहा, म्हणजे तो चुकला असं वाटत नाही. लाइट गेल्यावर करायच्या कामांची वेगळी यादी ठेवा: मनात करायची गणितं, कालच्या नोंदीची उजळणी, गच्चीवरचं आकाश.

रात्रपाळी असेल तर नियम वेगळा. पाळीहून आल्यावर आधी झोप, मगच अभ्यास. झोपेतून तास कापून घेऊ नका. चालू मागासमोर किंवा यंत्रासमोर डुलकी लागली तर बोट जातं. त्यापुढे कुठलाही अभ्यास मोठा नाही.

प्रश्न वेळेत मावला पाहिजे

बहुतेकांचं इथेच फसतं. ‘खगोलशास्त्र शिकायचं’, ‘गणित वाढवायचं’ हे विषय झाले. पाऊण तासात विषयाचं काहीच होत नाही. पाऊण तासाला प्रश्न लागतो, आणि तो असा हवा की प्रत्येक बैठकीनंतर वहीत एक नवी ओळ पडेल. कापरेकरांचं काम याचा उत्तम नमुना आहे. चारही अंक सारखे नसलेली कुठलीही चार अंकी संख्या घ्या. अंक उतरत्या क्रमाने लावून येणाऱ्या संख्येतून चढत्या क्रमाची संख्या वजा करा आणि उत्तरावर पुन्हा तेच करा. 3524 घेतले तर 5432 वजा 2345 बरोबर 3087. मग 8730 वजा 0378 बरोबर 8352. मग 8532 वजा 2358 बरोबर 6174. पुढे 6174 च येत राहतं, आणि कुठूनही सुरुवात केली तरी सात पायऱ्यांच्या आत तिथे पोचता येतं. याला पेन्सिल आणि बसच्या तिकिटाची मागची बाजू पुरते. कोणत्या संख्यांना किती पायऱ्या लागतात आणि का, हा खिशात ठेवायचा प्रश्न आहे. कापरेकरांनी शोधलेला आणखी एक संख्याप्रकार, डेम्लो संख्या, तोसुद्धा रेल्वे स्टेशनावर सुचला. डेम्लो हे डोंबिवलीचंच जुनं नाव.

आता सोलापुरात वर्षभर चालेल असा एक प्रश्न पूर्ण मांडतो: दुपारच्या सूर्याची उंची वर्षभरात किती बदलते? आठवड्यातून एकदा, डब्याच्या सुट्टीतली दहा मिनिटं त्याला पुरतात.

लागणारं सामान: एक स्टूल, साधारण पोस्टकार्डाच्या दुप्पट आकाराचा जाड पुठ्ठा, दोरा आणि नट बांधून केलेला ओळंबा, मोजपट्टी, खडू आणि वही. पुठ्ठ्याच्या मधोमध 4 मिलिमीटरचं गोल भोक पाडा. स्टुलावर डबा किंवा विटा ठेवून पुठ्ठा आडवा अशा उंचीवर आणा की भोक जमिनीपासून बरोबर 1 मीटरवर येईल. पुठ्ठा स्टुलाच्या पूर्व कडेने बाहेर काढा आणि वर वजन ठेवा. भोकातून ओळंबा सोडून तो जमिनीला जिथे टेकतो तिथे खडूने फुली करा. पुठ्ठ्याच्या सावलीत सूर्याचा एक उजळ गोल दिसेल. त्याच्या मध्यावर खूण करायची आणि फुलीपासूनचं अंतर मोजायचं.

नुसती काठी रोवून तिची सावली का मोजू नये? सूर्य बिंदू नाही, अर्ध्या अंशाचं तबक आहे. त्यामुळे काठीच्या टोकाची सावली पुसट होते. डिसेंबरात 1 मीटरच्या काठीचं टोक दीड सेंटिमीटरभर धूसर असतं आणि प्रत्येक जण ते वेगळ्या ठिकाणी धरतो. भोकातून पडलेल्या गोलाचा मध्य मात्र सगळ्यांना एकाच जागी दिसतो.

घड्याळात बारा वाजतात तेव्हा सोलापुरात सूर्य डोक्यावर नसतो. भारताची वेळ साडेब्याऐंशी अंश रेखांशाची आणि सोलापूर सुमारे 75.9 अंशांवर. म्हणून सरासरी खरा मध्यान्ह 12 वाजून 26 मिनिटांनी होतो, आणि तोही वर्षभर हलतो. फेब्रुवारीच्या मध्यावर 12:40, एप्रिलच्या मध्यावर 12:26, मेच्या मध्यावर 12:23, जुलैअखेर 12:33, नोव्हेंबरच्या सुरुवातीला 12:10, नाताळच्या सुमारास पुन्हा 12:26. पहिल्या सुट्टीच्या दिवशी 12:05 पासून 12:45 पर्यंत दर पाच मिनिटांनी खूण करा. फुलीला सर्वांत जवळची खूण फुलीशी जोडली की उत्तर-दक्षिण रेघ मिळते. ती रंगाने पक्की करून ठेवा आणि स्टुलाच्या पायांच्या जागाही आखा. पुढच्या आठवड्यापासून गोल रेघेवर येतो तेव्हा एकच खूण करायची. काम पाच मिनिटांत होतं.

उशीर झाला तर? थंडीत मध्यान्हाच्या आसपास लांबी फार हळू बदलते, पाच मिनिटांनी बिघडत नाही. मेमध्ये मात्र सूर्य डोक्यावर असतो आणि पाच मिनिटांत गोल दोन सेंटिमीटर पूर्वेला सरकतो. त्या दिवसांत फुलीपासूनचं थेट अंतर घेऊ नका. रेघेच्या दिशेने किती, एवढंच मोजा.

काय यायला हवं तेही सांगतो. 22 डिसेंबरला साधारण 87 सेंटिमीटर, उत्तरेकडे. 21 मार्चला 32. मेच्या दहा-अकरा तारखेला शून्याजवळ, कारण त्या दिवशी सूर्य सोलापूरच्या बरोबर माथ्यावर येतो. त्यानंतर गोल फुलीच्या दक्षिणेला जातो आणि 21 जूनला दक्षिणेकडे 10 सेंटिमीटर येतात. ऑगस्टच्या दोन-तीन तारखेला पुन्हा शून्य, पण तेव्हा ढग असण्याची शक्यता जास्त. अंतराला उंचीने भागून टॅन्जंटच्या कोष्टकातून किंवा मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवरून कोन काढा. डिसेंबरचा कोन 41 अंशांच्या जरा वर आणि जूनचा पावणेसहा अंशांच्या आसपास येतो. दिशा उलट असल्याने दोन्हींची बेरीज करून निम्मी केली की साडेतेवीसच्या जवळ आकडा मिळतो. तो पृथ्वीच्या आसाचा कल. दोन्हींची वजाबाकी करून निम्मी केली की सोलापूरचा अक्षांश, साडेसतरा-पावणेअठरा.

भोकातून सूर्याकडे पाहू नका, मुलांनाही पाहू देऊ नका. गोल फक्त जमिनीवर पाहायचा. आणि मेमध्ये गच्चीवर साडेबाराला जायचं तर डोकं बांधून, पाणी पिऊन, पायात चप्पल घालून. खूण केली की लगेच खाली.

आकडे चुकले तर कारणं बहुधा तीनच. पुठ्ठा एका बाजूने झुकून भोकाची उंची बदलते. गच्चीला पाण्याच्या निचऱ्यासाठी उतार दिलेला असतो, आणि 1 मीटरला 2 सेंटिमीटर उतार म्हणजे कोनात एका अंशाहून जास्त गोंधळ. किंवा स्टूल दर वेळी वेगळ्या जागी ठेवलं जातं. उतार तपासायला पारदर्शक नळीत पाणी भरून गवंडी करतात तशी लेव्हल काढा.

रात्री वेळ असणाऱ्यांसाठी दुसरा प्रश्न: मृग नक्षत्रातला तांबडा काक्षी तारा किती तेजस्वी आहे? डिसेंबर ते एप्रिल संध्याकाळी तो दिसतो. शेजारची रोहिणी 0.9 प्रतीची, प्रश्वा 0.4 प्रतीचा. आकडा जितका लहान तितका तारा तेजस्वी. काक्षी या दोघांच्या मध्ये कुठे बसतो ते दशांशापर्यंत अंदाजाने लिहायचं, आठवड्यातून एकदा. तिन्ही तारे आकाशात साधारण सारख्या उंचीवर असताना पाहा, कारण क्षितिजाजवळचा तारा हवेच्या जाड थरामुळे मंद दिसतो. टक लावू नका. लाल तारा पाहत राहिलं की हळूहळू अधिक तेजस्वी वाटायला लागतो. एक नजर याच्यावर, एक त्याच्यावर, आणि लगेच आकडा. फेब्रुवारी 2020 मध्ये काक्षी 1.6 पर्यंत मंदावला होता आणि तो फरक नुसत्या डोळ्यांना कळत होता.

वही आणि टेबल

दोनशे पानी शिवलेली वही घ्या. सुटे कागद हरवतात आणि मोबाइलमधली नोंद उघडताना दुसरंच काही उघडलं जातं. प्रत्येक नोंदीत तारीख, घड्याळाची वेळ, काय केलं, आकडा आणि शंका एवढं आलंच पाहिजे. शाईने लिहा. चुकीचा आकडा खोडू नका, एक रेघ मारून शेजारी बरोबर लिहा. महिन्याभराने तो चुकलेला आकडाच खरा होता असं पुष्कळदा निघतं. डार्विनचा एक नियम इथे उपयोगी आहे. आपल्या मताविरुद्ध जाणारी गोष्ट दिसली की तो ती ताबडतोब लिहून ठेवायचा, कारण अशा गोष्टी सोयीच्या गोष्टींपेक्षा लवकर विसरतात हे त्याने ओळखलं होतं. सोलापुरात जन्मलेले मारुती चितमपल्ली वनखात्याची नोकरी करत रानातल्या गोष्टींच्या नोंदी ठेवत गेले, आणि त्यांच्या लेखनाला आधार त्या नोंदींचा होता.

सगळ्यात महत्त्वाचं काम शेवटच्या पाच मिनिटांत करायचं: उद्याची पहिली कृती लिहून ठेवायची. ‘पुढे चालू’ असं लिहून काही होत नाही. ‘पान 34 वरच्या कोष्टकाच्या तिसऱ्या रकान्याला उंचीने भाग’ असं लिहा. पहाटे पाचला डोकं पुरतं जागं नसतं, पण असा हुकूम समोर असला की हात चालू लागतो. तो नसेल तर पाऊण तासातली वीस मिनिटं काल कुठे थांबलो हे शोधण्यात जातात. रात्री आवरताना दुसऱ्या दिवसाचं चूल पेटवायचं सामान हाताशी ठेवतात तसंच हे.

टेबल नसेल तर एक पत्र्याची पेटी पुरते. वही, दोन पेन, मोजपट्टी, चालू पुस्तक आणि चष्मा पेटीत कायम राहिला पाहिजे. घरात कोणी मोजपट्टी मागितली तर दुसरी आणून द्या. पेटी उघडल्यापासून पहिला शब्द लिहीपर्यंत दोन मिनिटांहून जास्त लागत असतील तर मांडामांड चुकली आहे. कागद महाग म्हणून रामानुजन पाटीवर गणित करायचे आणि निकाल तेवढा वहीत उतरवायचे. आकडेमोडीला पाटी आणि निष्कर्षाला वही ही वाटणी आजही चांगली. मोबाइल दुसऱ्या खोलीत चार्जिंगला ठेवा. टेबलावर पालथा ठेवल्याने काम भागत नाही.

ही वेळ घरात कोणाच्या वाट्यातून येते

शास्त्रज्ञांच्या चरित्रांत हा भाग एका ओळीत उरकला जातो, पण तुमचा पाऊण तास टिकेल की नाही हे बऱ्याचदा इथेच ठरतं. विल्यम हर्शेल बाथ शहरात गाणं-वाजवणं शिकवून पोट भरायचा आणि रात्री दुर्बिणीचं काम करायचा. 13 मार्च 1781 ला त्याला युरेनस दिसला. आरसे घासताना तासन्‌तास हात उचलता येत नसे, तेव्हा बहीण कॅरोलिन त्याला घास भरवायची. नंतर तिने स्वतः आठ धूमकेतू शोधले आणि 1787 पासून तिला वर्षाला 50 पौंड पगार मिळू लागला. पण त्याआधीची तिची वर्षं भावाच्या वेळेत जमा झाली. रामन साडेपाचला बाहेर पडत तेव्हा घर त्यांच्या पत्नी लोकसुंदरीबाई चालवत होत्या.

म्हणून घरात उघड बोला आणि अदलाबदल नेमकी ठरवा. ‘मला जरा वेळ द्या’ असं मोघम मागितलं तर तो वेळ बायकोच्या किंवा आईच्या झोपेतून कापला जातो. पहाटेचा पाऊण तास तुमचा असेल तर संध्याकाळचा पाऊण तास तिचा, आणि त्या वेळेत स्वयंपाकघर, मुलांचा अभ्यास, दारावर आलेला माणूस हे सगळं तुमच्याकडे. पाण्याच्या दिवसाचं पिंप कोण भरणार तेही लिहून काढा. आठवड्याचा तक्ता भरताना घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाचा तक्ता भरला तर वाद निम्मे होतात, कारण कोणाकडे किती मोकळं आहे हे कागदावर दिसतं.

बिड्या वळणाऱ्या बाईचा दिवस वेगळा असतो. काम घरातच, मोजणी नगावर, त्यामुळे कामाची वेळ संपतच नाही. तिच्यासाठी पाऊण तासाचा सलग पट्टा मिळेपर्यंत थांबणं बरोबर नाही. हात कामात असताना कान मोकळे असतात. मुलाने मोठ्याने धडा वाचायचा आणि तिने त्यावर प्रश्न विचारायचा, असं रोज पंधरा मिनिटं चालू शकतं. बिड्यांच्या मोजणीच्या वेळी मात्र हे थांबवा, मोजणी चुकली तर मजुरी जाते. आणि आठवड्यातून एक सलग तास तिला मिळवून देणं ही घरातल्या बाकीच्यांची जबाबदारी.

कुठे बिघडतं

पहिला उत्साह दोन-तीन आठवडे टिकतो. त्या काळात लोक पाऊण तासाचे दोन तास करतात, घरातल्या कामांकडे दुर्लक्ष होतं, कुरबूर सुरू होते आणि सगळंच बंद पडतं. पहिले दोन महिने पाऊण तास झाला की रंगात आलं असलं तरी उठायचं. अर्धवट राहिलेलं काम दुसऱ्या दिवशी ओढून आणतं.

दिवस चुकला तर भरपाई करू नका. दुसऱ्या दिवशी दीड तास बसायचं ठरवलं की तोही चुकतो. लागोपाठ दोन दिवस चुकू द्यायचे नाहीत, एवढाच नियम पाळा. गड्ड्याच्या यात्रेचे दिवस, घरातलं लग्न, आषाढीला पंढरपूरचं जाणं हे आधीच वहीत सुट्टी म्हणून लिहा.

सामान खरेदी हा मोठा सापळा आहे. दुर्बीण, नवी खुर्ची, टॅब घेतल्याने अभ्यास सुरू झाल्यासारखं वाटतं. पहिले सहा महिने घरात आहे तेवढ्यावरच चालवा. मग वहीतल्या शंकांवरून काय घ्यायचं ते आपोआप कळतं. नुसतं वाचत राहणं हाही तसाच प्रकार. तीन बैठका वाचन झालं की चौथ्या बैठकीत स्वतःची एक ओळ लिहिली गेलीच पाहिजे, मग ती गणित असो, मोजमाप असो किंवा आकृती.

महिन्याच्या शेवटच्या सुट्टीला अर्धा तास मागची पानं वाचा. महिनाभरात नव्या ओळी आठांपेक्षा कमी असतील तर वेळेला दोष देण्याआधी प्रश्न तपासा. तो बहुधा फार मोठा आहे. त्याचे तुकडे करा.

सोबत

आइनस्टाइन बर्नमध्ये हाबिख्ट आणि सोलोव्हिन या दोन मित्रांबरोबर नेमाने वाचन करायचा. पेटंट कचेरीतला सहकारी मिशेल बेसो याच्याशी घरी जाताना वाटेत चर्चा व्हायची, आणि 1905 च्या सापेक्षतेच्या निबंधाच्या शेवटी त्याने आभार मानले ते बेसोचे. दोन-तीन माणसं पुरतात. रविवारी सकाळी तलावाकाठी फिरताना किंवा हिराचंद नेमचंद वाचनालयात भेटून प्रत्येकाने आठवड्यातली एकच ओळ सांगायची आणि इतरांनी तिच्यात चूक शोधायची. चहा शेवटी घ्या, आधी घेतला की गप्पा दुसरीकडे जातात.

सावलीच्या प्रयोगात तर दूरची सोबत कामाला येते. नागपूरला ओळखीचं कोणी असेल तर त्यांनाही तसंच भोक 1 मीटर उंचीवर लावायला सांगा. दोन्हीकडे एकाच दिवशी, पण आपापल्या मध्यान्हाला मोजा. नागपूरचा मध्यान्ह सोलापूरच्या सुमारे तेरा मिनिटं आधी होतो. दोन कोनांत साडेतीन अंशांचा फरक यायला हवा. नकाशावर दोन्ही गावांमधलं फक्त उत्तर-दक्षिण अंतर घ्या, ते सुमारे 387 किलोमीटर भरतं. रस्त्याचं अंतर घेतलं तर उत्तर साफ चुकतं, कारण नागपूर पूर्वेलाही आहे. 387 ला कोनांच्या फरकाने भागून 360 ने गुणा, पृथ्वीचा परीघ चाळीस हजार किलोमीटरच्या आसपास निघेल. पुण्याच्या पाहुण्यांना घेऊन हे करू नका. पुणे आणि सोलापूर यांच्या अक्षांशांत एक अंशाचाही फरक नाही, आणि गच्चीवरच्या मापात पाव-अर्ध्या अंशाची चूक सहज होते, तेवढ्याने उत्तर निम्म्याने हलतं. नागपूरला तीच चूक परिघात जेमतेम दहा-पंधरा टक्के फरक करते. दिवस निवडताना जानेवारीतली कोरडी, निरभ्र दुपार घ्या. तेव्हा गोल स्वच्छ पडतो, आणि लांबी मोठी असल्याने मिलिमीटरभराच्या चुकीने कोन फारसा बदलत नाही.